आवतण दिलेलं झाड

लातूर, २० फेब्रुवारी १९८३

चि. साखरास गुरुपादप्पाचे आशीर्वाद.

तुझ्या नावाआधी जे लिहायची रीत आहे ते माझ्या हातून लिहवत नाही, म्हणून चिरंजीवच लिहिलं. लहान बहीण आहेस, चालून जातं. पोस्टकार्ड मुद्दाम घेतलं नाही. तुमच्या गावचा पोस्टमन आधी स्वतः वाचतो आणि मग वाटतो, असं लिंबाजी सांगतो. लिंबाजी म्हणजे आमच्या रोपवाटिकेतला मजूर. मुखेडकडचाच आहे, त्याची बहीण तुमच्या गल्लीत दिली आहे.

हो, रोपवाटिका. तुझा अण्णा आता सरकारी माळी झाला आहे. ऑगस्टात लातूरचा वेगळा जिल्हा झाला आणि त्या दिवसापासून इथं सगळ्यांना सगळं नवं पाहिजे. नवी कचेरी, नवे रस्ते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं. आमच्या साहेबांच्या यादीत गुलमोहर, नीलमोहर, बहावा, कांचन. मी म्हटलं, साहेब, बहावा लावा, पण तो फुलायला वेळ लावतो. ते म्हणाले, मग गुलमोहर जास्त लावू, लवकर रंग दिसला पाहिजे. जिल्ह्याला घाई झाली आहे, झाडांना नाही. पाऊस तर तुला माहीत आहेच, यंदाही पाठ फिरवून गेला. तिसऱ्या दिवशी एक टँकर येतो. बाया डब्यानं एकेका पिशवीत पाणी घालतात आणि मी मागून ओरडत फिरतो की मुळाशी घाला, पानांना आंघोळ नको. तुझी वहिनी म्हणते, घरातल्या माणसांची कधी एवढी काळजी केली नाही.

लिंबाजी परवा गावाला जाणार आहे. त्याच्या हाती तगरीचं एक रोप पाठवतो. पांढरी फुलं येतात, देवाला होतात. वापरलेलं पाणी घातलं तरी जगतं. बाकी काही नाही. सहज आठवण आली म्हणून लिहिलं.

रुक्मिण शाळेत जाते का? जात असेल तर हे पत्र तीच वाचून दाखवत असेल. बेटा, मामाचा आशीर्वाद.

तुझा अण्णा


लातूर, ११ मार्च १९८३

चि. साखरास आशीर्वाद.

उत्तर आलं नाही. येईल असं धरून चाललो होतो असंही नाही.

लिंबाजी परत आला. मी त्याला खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, "मामा, तुमची बहीण लई कमी बोलती. रोप हाती दिलं तर एवढंच इचारलं, औषध हाय का? म्या म्हनलो, न्हाई, फुलझाड हाय. मंग घेतलं."

आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली. सांगून झाल्यावर त्याचाच चेहरा उतरला, कारण माझा उतरलेला त्यानं पाहिला. गावात कोणासाठी झाडपाल्याचं औषध आणायचं असलं की आदल्या संध्याकाळी तुझ्या दारात निरोप येतो, आणि तू पहाटे दार लावून आत बसतेस. औषध घेऊन माणूस पुढं गेला की मग दार उघडतेस. दहा वर्षं हे असंच चाललं आहे, आणि तू एकदाही नाही म्हणाली नाहीस.

साखरा, हे मला माहीत नव्हतं. सासरी तुला बोल लागले असतील एवढं धरलं होतं. दार लावून बसवतात हे माहीत नव्हतं.

रुक्मिण आता बारा वर्षांची असेल. तिला तिचे अप्पा कसे गेले हे कोणीतरी सांगितलंच असेल, आणि कसं सांगितलं असेल तेही मला माहीत आहे. तरी माझ्या तोंडून ऐक, बेटा. बहात्तर-त्र्याहत्तरचा दुष्काळ होता. तुमच्याकडं काम निघालं नव्हतं, म्हणून तुझी आई आणि मलप्पा दाजी तुला घेऊन आमच्याकडं निलंग्याकडे आले. तळ्याचं काम चालू होतं. आम्ही सगळे दगड-माती उचलत होतो, सरकारी सुकडी आणि लाल मिलो ज्वारी खाऊन. मार्चात कामावर हगवण पसरली आणि दाजींना लागली.

आमच्या घरात आमच्या अप्पांपासून, म्हणजे तुझ्या आजोबांपासून, कुड्याच्या सालीचं औषध होतं. अप्पा गेले आणि ते माझ्याकडं आलं. त्याची रीत ठरलेली. आदल्या संध्याकाळी मी झाडाकडं जायचं, तांदूळ-सुपारी ठेवायची, बुंध्याला कच्चं सूत बांधायचं आणि झाडाला आवतण द्यायचं, की उद्या आमच्या माणसासाठी ये. दुसऱ्या दिवशी पहाटे रोग्याच्या घरच्या माणसानं जाऊन, ज्या झाडाला सूत असेल त्याची साल काढून आणायची. जाताना-येताना कोणाशी एक शब्द बोलायचा नाही. बोललं की औषधाचा गुण जातो.

मी आवतण दिलं. तुझी आई साल घेऊन आली. तीन दिवस दिली. चौथ्या दिवशी दाजी गेले. आणि घरात सगळे बसलेले असताना कळलं की तुझी आई वाटेत कोणाशी तरी बोलली होती.

एवढं सगळ्यांना माहीत आहे. मी वेगळं काय सांगितलं? काहीच नाही. पत्र लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं की पुढंही लिहीन. टँकर आला, जातो.

गुरुपादप्पा


लातूर, ३ मे १९८३

चि. साखरास आशीर्वाद.

मधे पावणेदोन महिने गेले. तीन पत्रं लिहिली आणि फाडली. वहिनी म्हणाली, एवढा कागद वाया घालवताय, सरकारी आहे म्हणून काय झालं.

आज काय झालं ते सांगतो. साहेबांनी रोपवाटिकेत औषधी झाडांचा वेगळा भाग काढला आहे. अडुळसा, निर्गुडी, पांगारा, कुडा. प्रत्येकापुढं पत्र्याची पाटी. नाव काय आणि गुण काय हे मी सांगायचं आणि त्यांच्या कारकुनानं रंगवायचं. मला ही नोकरीच मुळी त्यामुळं लागली. निलंग्याकडे कोणीतरी साहेबांना सांगितलं होतं की गुरुपादप्पाच्या औषधाचा गुण येतो, माणूस अस्सल आहे.

कुडा दोन जातींचा असतो हे तुला ठाऊक नसेल. बाईमाणसाला आम्ही कधी दाखवलंच नाही. पांढरा कुडा औषधाचा, साल कडूजहर. दुसरा काळा कुडा, त्याला काही कडवटपणा नाही, हगवणीवर उपयोग नाही. खोड दोघांचंही चिकाचं, फुलं दोघांचीही पांढरी. आमच्या बांधावर काळ्याचं जुनं झाड आहे, सध्या फुलानं भरलं आहे. साहेब किनवटच्या जंगलात गेले होते, तिथून पांढऱ्याची फुललेली फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आले. दोन्ही फांद्या टेबलावर दोन पेल्यांत ठेवल्या आणि सगळ्यांना बोलावलं. म्हणाले, "सांगा गुरुपादप्पा, तुमचा कुडा कोणता?"

मी लांबूनच बोट दाखवलं. काळ्याच्या फुलात मधोमध बारीक झालर असते, पांढऱ्यात नसते. साहेब खूश झाले. म्हणाले, "एवढ्या झटक्यात? पुस्तकं वाचून आम्ही घोळ घालतो. तुम्ही कधी चुकला नाहीत?"

मी म्हणालो, "नाही साहेब."

सगळे हसले, चहा आला. मी माझा लिंबाजीला दिला.

साखरा, त्र्याहत्तरात मी सूत चुकीच्या झाडाला बांधलं. काळ्या कुड्याला. तू इमानानं त्याचीच साल आणलीस. तू वाटेत बोललीस किंवा न बोललीस, त्या सालीनं काही होणारच नव्हतं. दुष्काळात झाडांवर पान नव्हतं, फूल नव्हतं. अंधारून आलं होतं. ओळखता आलं नाही. हे मला आज, दोन फांद्या शेजारी बघितल्यावर लक्षात आलं.

तुझा दोष नव्हता. हे वाचून रुक्मिणला नीट समजावून सांग.

तुझा अपराधी अण्णा


लातूर, ५ मे १९८३

साखरा,

परवाचं पत्र टपालात पडलं आहे, परत घेता येत नाही. त्यात शेवटी जे लिहिलं ते निम्मं खोटं आहे. ‘आज लक्षात आलं’, हे खोटं. ‘अंधारून आलं होतं’, हे खोटं. रुक्मिण, हे पत्र तू वाचत असशील तर आधी आईला विचार, की हे मी वाचू का. ती नको म्हणाली तर दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या. तुझ्या अप्पांबद्दल आहे.

पांढरा कुडा ओढ्यापलीकडं होता, टेकडीच्या पोटाला. जाऊन-येऊन दोन कोस. मी दिवसभर दगड उचलले होते. आवतण द्यायला निघालो तेव्हा चांगलं दिसत होतं. ओढ्याअलीकडं काळा कुडा उभा होता. पान नव्हतं हे खरं, पण गेल्या वर्षीच्या वाळक्या शेंगा होत्या. काळ्याच्या दोन शेंगा टोकाला एकमेकींना चिकटलेल्या असतात, पोरंसुद्धा ओळखतील. मी वर बघितलं. बघून खाली तांदूळ ठेवले आणि सूत बांधलं.

मनाशी काय म्हणालो तेही सांगतो. म्हणालो, कुडा तो कुडाच. खरा गुण आवतणाचा आहे, रीतीचा आहे, झाड थोडं इकडंतिकडं झालं तर काय होतं. पाय दुखत होते. एवढंच कारण. त्याहून मोठं कारण असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तूच म्हणाली होतीस, कामावर डॉक्टरची जीप येते, यांना तिकडं न्यायचं का. मी म्हणालो, कशाला, तीन दिवसांत थांबेल. मला तोंडघशी पडायचं नव्हतं. झाड चुकीचं आहे हे मला माहीत होतं आणि तरीही मी डॉक्टरला नको म्हणालो. तिसऱ्या दिवशी दाजींचे डोळे आत गेले तेव्हा मी स्वतः जीप आणायला पळालो. त्या दिवशी ती आली नव्हती.

दाजींना पुरल्यावर घरात सगळे बसले होते. तुझा सासरा मला म्हणाला, "तुमच्या औषधाला गुण कसा आला न्हाई?" त्यानं साधंच विचारलं. त्या वेळी मी तुझ्याकडं वळून म्हणालो, "साखरा, वाटेत बोललीस का?"

मला माहीत नव्हतं तू बोलली होतीस की नाही. कुणाला तरी पुढं करायचं होतं आणि तू समोर होतीस. तू नाही म्हणाली असतीस तरी भागलं असतं. पण तू लहानपणापासून कधी खोटं बोलली नाहीस. तू म्हणालीस, "हाव."

मग मला काही करावं लागलं नाही. तुझ्या सासूनं पुढचं सगळं केलं. खापर तुझ्या डोक्यावर फुटलं आणि माझं नाव शाबूत राहिलं. उलट वाढलं. लोक म्हणू लागले, बघा, रीत मोडली की गुरुपादप्पाचं औषधसुद्धा चालत नाही. आणि त्यानंतर मी एकदाही ओढ्याअलीकडच्या झाडाला सूत बांधलं नाही. कितीही थकलो तरी पलीकडं गेलो. मला माहीत होतं याला आणखी काय पुरावा पाहिजे?

तुझं वय तेव्हा बावीस होतं. मी तुझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. तुला कडेवर घेऊन फिरवलेलं मला आठवतं. मला तुझ्यापुढं फार लाज वाटते, साखरा. लाज वाटते म्हणूनच दहा वर्षं तुला घरी बोलावलं नाही. वहिनीला सांगत राहिलो की तीच येत नाही.

साहेबांना काल सांगितलं की चुकलो होतो, माणूस गेला. त्यांनी कारकुनाला बोलावलं. मग म्हणाले, पाटीवर दोन्ही कुडे लिहा, फरक कसा ओळखायचा तेही लिहा, आणि शेवटी लिहा की हगवण असेल तर दवाखान्यात जा. पाटी लागली आहे.

माझ्याकडं आता औषध मागायला कोणी आलं तर मी देत नाही. तुझ्याकडं मागायला माझ्याकडं काही उरलेलं नाही. माफ कर असंही लिहायचं धाडस होत नाही. फक्त पुढच्या वेळी पहाटे दार लावून बसू नकोस.

गुरुपादप्पा


मु. पो. — , ता. मुखेड
१९ मे

अण्णास साखराचा शरणार्थ.

हात रुक्मिणचा हाय, बोल माझे. ती म्हणती, आई, मी शाळेतल्यासारखं नीट करून लिहिते. मी म्हणले, न्हाई, मी जसं बोलते तसंच लिही.

तुमची चारी पत्रं तिनंच वाचली. शेवटचं वाचायच्या आधी तिनं मला इचारलं. मी म्हणले, वाच. बाप तुझा हाय.

तगर जगली हाय.

तुमी लिवलं की बाईमाणसाला ठाव नसंल, कडू साल कोनती. अण्णा, ती साल मीच वाटली व्हती. वाटताना बोटाला लागलेलं चाटून बघितलं. जराबी कडू नव्हतं. अप्पांच्या टायमाला मी ल्हान असताना मला ती पाजली व्हती, ते कडूपण मी इसरले नव्हते. मला तवाच वाटलं, ह्याचं कडूपण गेलं. मी वाटेत बोलले म्हणून गेलं. झाडच दुसरं असंल हे माझ्या मनात आलं न्हाई, कारण सूत तुमी बांधलं व्हतं.

तवा बोलले न्हाई. भ्याले. तीन दिस मीच त्यांना माझ्या हातानं पाजून राहिले, आन रोज पाजायच्या आधी चाटून बघत व्हते की आज तरी कडू लागंल. हे मी आजपत्तुर कुनाला सांगितलं न्हाई. रुक्मिण लिहिता लिहिता थांबली हाय. मी म्हणले, लिही.

तुमी एवढं लिवलं, पन मी वाटेत काय बोलले हे तुमी इचारलं न्हाई. तवाबी कुनी इचारलं न्हाई. सासूनं न्हाई, सासऱ्यानं न्हाई, गावानं न्हाई. बोलली, एवढंच समद्यांना पुरलं. तर सांगते. मी साल पदरात घेऊन येत व्हते. समोरून एक बाई आली, कडेवर पोर, पोराची मान पडलेली. ती म्हणली, "बाई, डागदरची गाडी कुठं उभी राहती?" मी बोट दाखवलं. तिला कळंना. मंग मी म्हणले, "तळ्याच्या कामावर, मुकादमाच्या छपरापाशी. पळ." ती तिकडं पळाली. मी साल घेऊन घरी आले.

ते पोर जगलं का मेलं मला ठाव न्हाई. दहा वर्सं मला वाटत आलं की त्या पोरापायी मी माझा मानूस घालवला. तुमचं पत्र आल्यापासून वाटून राहिलं की ते पोर जगलं असंल तर बरं.

रुक्मिण इचारती, मामाला माफ केलं का. मला ठाव न्हाई. राग आला, लई आला. दोन दिस जेवले न्हाई. तुमी मला लाज वाटती म्हणून लिवलं, ते खरं वाटलं. पन अण्णा, तुमी पत्रात खरं बोललात ते मी आन माझी लेक, दोघीच जाणतो. पत्र गावाला वाचून दाखवलं तर गाव म्हणंल, भावानं बहिणीची दया येऊन लिवलं. सासू अजून हाय. डोळ्यानं दिसत न्हाई तिला, कानानं चांगलं ऐकू येतं.

तर तुमी या. वैनीला आणा, नका आणू, तुमची मर्जी. मारुतीच्या पारावर बसा आन जे मला लिवलं ते समद्यांम्होरं मोठ्यानं सांगा. झाडाचं, शेंगाचं, जीपचं, आन मला इचारलं तेबी. मधी थांबू नका. सांगून झालं की मंग घरी या, भाकरी टाकते.

बाजाराच्या दिवशी येऊ नका. त्या दिवशी समदे मुखेडला जातात, गावात कुनी नसतं.

साखरा